दुसरी सर्व्हिस

प्रिय ताई,

फोन हातात घेतला होता. पण फोनवर तू 'मजेत गं' म्हणणार, भाऊजींना हाक मारणार आणि दूध उतू जातंय म्हणून निसटणार. कागदापुढून निसटता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

बातमी कळली असेलच. उपांत्य फेरी जिंकले. पेपरवाले पुन्हा मला 'बर्फ' म्हणतायत. आईने ते ऐकलं आणि म्हणाली, झुरळ दिसलं की खुर्चीवर चढते, आणि म्हणे बर्फ. मोठ्या पॉइंटला तू नेमकं काय करतेस, असं जो तो विचारतो. माझं उत्तर ठरलेलं असतं. घाम नसला तरी टॉवेल घ्यायचा. प्रेक्षकांकडे न बघता रॅकेटच्या तारांकडे बघायचं. श्वास लांब सोडायचा. चेंडू कुठे मारायचा ते आधीच ठरवायचं आणि मग मन बदलायचं नाही. यातलं काहीच खोटं नाही. सगळ्याच जणी असं काहीबाही करतात, एकजण तर मनात पाढे म्हणते. फक्त मी हे कशासाठी करते, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तू दिसू नयेस म्हणून करते, ताई. पॉइंट मोठा झाला की पलीकडच्या बाजूला तू उभी असतेस. पाठमोरी. टोपीतून बाहेर आलेली वेणी, आणि चेंडू उडवायला वर जाणारा हात.

तुझ्या त्या शेवटच्या सामन्याला मी वर गॅलरीत आई-बाबांच्या मध्ये बसले होते. जिंकायला तुला एकच पॉइंट हवा होता. बाबा टाळी वाजवायला हात उचलून बसले होते. पहिली सर्व्हिस जाळ्यात गेली. दुसरीसाठी तू चेंडू उडवलास आणि मारलाच नाहीस, झेललास. लोकांना वाटलं, वारा असेल. पुन्हा उडवलास, पुन्हा झेललास. मागे कुणीतरी हसलं. शेवटी मारलास तो जाळ्याच्या तळाशी जाऊन आपटला. त्यानंतर तू खेळलीस असं म्हणवत नाही, तू नुसती उभी होतीस. घरी आल्यावर आईने तुला अंघोळीचं पाणी काढलं, बाबांनी तुझी बॅग माळ्यावर टाकली, आणि तो दिवस आपल्या घरात जणू कधी उगवलाच नाही. तू चष्म्याच्या दुकानात लागलीस, लग्न केलंस. आम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिलो, पोरीने किती छान सावरलं.

आज समोर होती ती माझ्याहून बरीच मोठी, डावखुरी. तिचं हे शेवटचं वर्ष, असं सगळे कुजबुजत होते, आणि तिने तर मला पार धुऊन काढलं. तिला एक पॉइंट हवा होता. मी हरल्यात जमा होते, त्यामुळे शांतही होते. तिची पहिली सर्व्हिस बाहेर गेली. दुसरीसाठी तिने चेंडू उडवला आणि झेलला. तिने पुन्हा उडवला, पुन्हा झेलला. त्या दिवशी वरून मला फक्त तुझी पाठ दिसली होती, ताई. चेहरा कसा झाला असेल, ते आज दिसलं. तिचे ओठ पांढरेफटक पडले होते. आपलाच हात आपलं ऐकत नाही, हे तिला आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

चेंडू जाळ्यात गेला. त्यानंतर तिची एकही सर्व्हिस धड पडली नाही. मग काय, मी जिंकले.

आत कपडे बदलायच्या खोलीत ती बूट न काढता बाकावर बसली होती. बाकीच्या जणी तिला बघून आवाज खाली करत होत्या आणि एकेक करून बाहेर सटकत होत्या, अगदी आपल्या घरातल्या माणसांसारख्या. मीही बॅग उचलून दारापर्यंत गेले. मग परत फिरले आणि तिच्या शेजारी बसले. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "हे जातं का गं?"

मी म्हणाले, "जातं." जराही अडखळले नाही. तिने मान हलवली. तिला ते खरं वाटलं, ताई.

आणि मला काय ठाऊक? ज्या एकीला ठाऊक आहे, तिला आपल्या घरात कुणी कधी विचारलं नाही. म्हणून हे पत्र. दुकानात कुणाच्या डोळ्यांपुढे भिंग धरताना तुझा हात मध्येच थांबतो का? स्वप्नात चेंडू अजून वर जातो आणि खाली येत नाही, असं होतं का? गेलं असेल तर कसं गेलं, ते लिही. गेलं नसेल, तर तसंच लिही. तिचा नंबर मी घेऊन ठेवला आहे, खरं काय ते तिला सांगेन. आणि फायनल झाली की मी तुझ्याकडे राहायला येते.

तुझीच,
बारकी