कडू कंदाची बाग शांतम्माच्या नावे

मी, सिद्धाप्पा गुरुलिंगप्पा उंबरजे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पूर्वी वकिली, राहणार सोलापूर, देह थकला असला तरी बुद्धी जागी असताना, कोणाच्या भिडेस वा धाकास बळी न पडता ही व्यवस्था लिहून ठेवतो. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. खालील सर्व मिळकत स्वकष्टार्जित आहे.

१. बाळीवेशीतील राहते घर भांड्याकुंड्यांसह माझा धाकटा मुलगा चन्नवीर यास द्यावे. कायद्याची पुस्तके त्याला नकोत. ती एखाद्या गरजू नवशिक्या वकिलास द्यावीत.

२. होटगी रस्त्यावरील बाग, विहीर व दोन खोल्या माझा कैलासवासी थोरला मुलगा निंगप्पा याची पत्नी शांतम्मा हिला पूर्ण मालकी हक्काने द्याव्यात. विकण्याचा, गहाण टाकण्याचा व दान देण्याचा अधिकार तिला आहे. विधवेला दिलेली मिळकत हयातीपुरतीच, असा अर्थ पुष्कळदा काढला जातो, म्हणून शब्द वाढवले आहेत.

बागेत चौधारी घेवडा व कारांद्यांचे वेल आहेत; उन्हाळ्यात त्यांवर तट्ट्यांची सावली हवी. विहिरीजवळ त्रावणकोराहून आणलेला कडू कंद आहे. तो सोलून, चिरून, भिजवून, दोनदा उकळावा आणि दोन्ही वेळचे पाणी फेकावे. न फेकल्यास ते विष आहे. चन्नवीर तो वाफा उपटून टाका म्हणतो. निर्णय शांतम्माचा.

३. या वाटणीचे कारण लिहिणे भाग आहे. गेल्या महाशिवरात्रीस माझी पत्नी मल्लव्वा हा कंद खाऊन दिवस मावळण्याच्या आत वारली. रांधणारी शांतम्मा होती, आणि तिने स्वतः तो खाल्ला नव्हता. जमलेल्या आप्तांसमक्ष चन्नवीरने विचारले, "आईनं खाल्लं, मग तुमी का न्हाय खाल्लं, वैनी?" ती गप्प राहिली. पेठेने त्यालाच कबुली मानले. मौन हा पुरावा नव्हे. तिने उत्तर दिले असते तर दोष मेलेल्या सासूवर गेला असता.

पुष्कळ विचारल्यावर तिने मला सांगितले ते असे. कंद चुलीवर असता मल्लव्वाने नेहमीच्या रीतीने त्यात लिंगपूजेचे तीर्थ घातले. तीर्थ पडलेले पाणी सांडायचे नाही, हा आमच्या घरचा दंडक. शांतम्माने विनवले की, हे पाणी फेकलेच पाहिजे. मल्लव्वा म्हणाली, "तीर्थ मोरीत वततात व्हय? तुज्या म्हायेरी वतत असतील." पाणी तिने भांड्यातच आटवले आणि सर्वांच्या आधी स्वतः फराळ केला; इतरांनी खाण्याआधीच तिला त्रास सुरू झाला.

अखेरच्या घटकेला माझा हात धरून मल्लव्वा बोलली, "पोरीनं सांगितलं हुतं. मीच ऐकलं न्हाय." मरणाऱ्याचे आपल्या मरणाच्या कारणाविषयीचे बोलणे पुराव्यात ग्राह्य असते. चन्नवीरला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "अप्पा, तुमी तिचं वकील." ऐकणारा मी एकटा होतो आणि मी आता जाणार, म्हणून ते बोलणे येथे शब्दशः नमूद केले आहे.

४. कलम दोन शांतम्माला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "मामा, बाग नका देऊ. जमिनीसाठीच केलं म्हणतील." तिचे म्हणणे बिनतोड आहे. बाग दिली तर आरोपाला हेतू मिळतो. न दिली तर माझ्यामागे चन्नवीर तिला घरात ठेवणार नाही, आणि माहेरी तिचे कोणी उरलेले नाही. दोन्ही पक्ष मी अनेकदा तपासले. आरोप मला कागदाने पुसता येत नाही. राहायला जागा देता येते. सबब शांतम्माची हरकत ऐकली, नोंदवली व फेटाळली.

हा मजकूर वाचून, बरोबर असल्याची खात्री करून खालील दोघांदेखत सही केली.

(सही) सिद्धाप्पा गुरुलिंगप्पा उंबरजे

साक्षीदार, सिद्धाप्पांनी आमच्यासमोर व आम्ही त्यांच्यासमोर सही केली:
(सही) आबासाहेब रामराव निंबाळकर, वकील
(सही) रेवणसिद्ध मलकाप्पा हत्तुरे, व्यापारी

मुक्काम सोलापूर, तारीख ११ ऑक्टोबर १९३४