कोण ही तुळशी?

कुळगाव, बदलापूर
मंगळवार

ती. भगवंतदादा यांस,

श्यामकांतचा साष्टांग नमस्कार (कंबर वाकत नसल्यामुळे अर्धाच घातला आहे, उरलेला समक्ष घालीन). आपली प्रकृती कशी आहे? वहिनींचा गुडघा काय म्हणतो? तुमच्याकडे बारवी धरणाच्या बाजूला भाताची लावणी एव्हाना आटोपली असेल. तुमची धाकटी बहीण, म्हणजे आमची सौभाग्यवती, गेले नऊ दिवस तुमच्याकडे आहे. तिने तिथे काय सांगितलं ते मला माहीत नाही. बहुधा काहीच नसेल. म्हणून माझ्यावरचं आरोपपत्र मीच लिहून पाठवतो.

अंबरनाथच्या एका वाचनालयाने मला ‘आजचं वाचन’ या विषयावर बोलायला बोलावलं होतं. झोडपायला काहीतरी हाताशी हवं म्हणून मी तिथल्याच कपाटातून एक जाडजूड अनुवादित कादंबरी उचलली. दोनशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड. राजा वेडा झालेला, युवराज त्याच्या जागी कारभार पाहतोय (आपल्याकडे त्याच सुमारास पेशवाई बुडाली, यावर मी सतरा मिनिटं घेतली), आणि एक गर्विष्ठ उमराव गावच्या पाद्रीबाबांच्या मुलीच्या प्रेमात पडतो. तीनशे पानं दोघे हातमोज्यांशिवाय एकमेकांचा हातही धरत नाहीत. चहा पितात, पत्रं लिहितात, प्रार्थना करतात. मधली दोन पानं चाळून मी पुस्तक उंच धरलं आणि गरजलो, “अनुवाद, तुळशी! आडनाव नाही, गाव नाही! कोण ही तुळशी? स्वतःच्या कामाखाली पूर्ण नाव लिहायची जिला लाज वाटते, तिचं आपण का वाचावं?” टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतून आमची ही उठली. माझ्यासमोरून जाताना एवढंच म्हणाली, “भाषण झालं की पाणी प्या, घसा बसलाय.” आणि गेली ती थेट तुमच्याकडे.

दादा, तुम्ही हसत असाल. तुम्ही तिला आजही तुळशीच म्हणता. पण लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने ‘अंजनी’ लिहिणारा हात माझा होता. (त्याच वर्षी मी ‘स्त्रीचं स्वतंत्र व्यक्तिमत्त्व’ या विषयावर अकरा व्याख्यानं दिली. असो.) चौतीस वर्षांत जुनं नाव माझ्या डोक्यातून साफ गेलं. आणि दुपारी ती वह्या लिहीत बसायची, तो मी लिखित जप समजत होतो! रामनाम लिहितेय, लिहू दे. मी नास्तिक असलो तरी उदार आहे, हे चारचौघांत अभिमानाने सांगतही होतो. चौदा वह्या झाल्या, दादा. तोवर मी एकही उघडून पाहिली नव्हती. ती गेली त्या रात्री पहिली उघडली, तर आत रामाऐवजी हा उमराव!

दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक वाचायला घेतलं, ते जेवणाची वेळ टळली तरी उठलो नाही. दूध उतू जाऊन शेगडी विझली. शिव्या घालायला मुद्दे शोधत होतो आणि सापडली भाषा! अशी मराठी मी चाळीस वर्षं व्यासपीठावरून बोलायचा प्रयत्न करतोय. उमराव पाहुण्यांपुढे बोलू लागला की मी दचकायचो. तीच लांबण, तेच “मी तर असं म्हणेन”. आणि ती मुलगी त्याला जे उत्तर देते, ते इतकं शांत आणि इतकं नेमकं, की मी पुस्तक टेबलावर ठेवून उभा राहिलो. घरात कोणी नव्हतं. थोर माणूस समोर आल्यावर राहतो, तसा उभा होतो. पुढे ती एकटीच चर्चमध्ये गुडघे टेकते आणि म्हणते, “प्रभू, ह्या माणसाला क्षमा कर. बोलायला तोंड दिलंस, तर ऐकायला निदान एक कान तरी दे.”

मूळ इंग्रजी पाहावं म्हणून उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये प्रकाशकाकडे गेलो. लेखूशेठ नावाचे सिंधी गृहस्थ आहेत. गाळ्यात पुढे लग्नपत्रिका छापतात, मागे कादंबऱ्या. “साईं, मॅडमची भाषा एकदम चोख! लेडीज लोक पुढच्या भागासाठी फोन करतात. आप कौन, उनके?” दादा, चाळीस वर्षांचा वक्ता मी, प्रश्नाला बगल देऊन इंग्रजी प्रत मागून मोकळा झालो. त्यांनी मूळ पुस्तक काढून दिलं. त्यात प्रार्थना ‘क्षमा कर’ इथेच संपते. कानाचं वाक्य तुळशीचं आहे.

अनुवादकाने पदरचं काही घालू नये, असं मी पूर्वी अनेकदा जाहीरपणे बजावलं आहे. ते सगळं मागे घेतो. देवाधर्माबद्दलची माझी मतं आहेत तिथेच आहेत. पण त्या एका वाक्यापुढे मी गुडघे टेकले असते, कंबरेने परवानगी दिली असती तर. तिला परत पाठवा असं मी म्हणत नाही. तो माझा अधिकार नाही.

आपला,
श्यामकांत

ता.क. १ : येत्या रविवारी त्याच वाचनालयात मी पुन्हा बोलणार आहे. विषय, ‘माझी चूक’. वेळ अडीच मिनिटं. (कार्यवाहांनी “मिनिटंच ना?” असं तीनदा विचारलं.)

ता.क. २ : वरचं ‘म्हणत नाही’ खोटं आहे. म्हणतो आहे. निदान तिला विचारा, आणि ती काय म्हणते ते मला तिच्याच तोंडून ऐकू द्या. मी मध्ये बोलणार नाही.

ता.क. ३ : टपालाला चार दिवस लागले असते, म्हणून पत्र घेऊन मीच आलो आहे आणि कुंपणावरून वहिनींच्या हाती देतो आहे. समोरच्या आंब्याखाली उभा आहे. तुमचा कुत्रा माझा पायजमा दातात धरून बसला आहे आणि मी अजून त्याला एक शब्द बोललेलो नाही. कृपया त्याला आत घ्या. मला घ्यायचं की नाही, ते तुळशीने ठरवावं.