वळणावरचा क्रूस

प्लेनो, ३ मार्च १९८६

चि. सुनेत्रास विष्णूकाकाचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण जरा विचित्र आहे. नोव्हेंबरात हायवेच्या ज्या वळणावर आपला गिरीश अपघातात गेला, तिथे कुणीतरी पांढरा लाकडी क्रूस रोवलाय. वर त्याचं नाव. काकूला सांगितलं, तर म्हणाली, आपलं पोर ख्रिश्चन नव्हतं, उपटून टाका. मला उपटवत नाही आणि ठेववतही नाही. तू इंग्लंडातल्या हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या दगडी क्रूसांवर पीएच.डी. करतेस. ते उघड्या माळावर कशासाठी उभारत, एवढं कळव. फोन नको, काकूच उचलते. आणि भात तरी नीट शिजवत जा.

तुझा काका

अर्बाना, ११ मार्च १९८६

ती. विष्णूकाकांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

खरं सांगू, मलाही धड माहीत नाही. चर्च नव्हती तेव्हा काही क्रूसांपाशी लोक उपदेश ऐकायला जमत असावेत. काही हद्दीवर, काही वाटेवर. काहींवर मेलेल्याचं नाव आणि याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा, एवढंच. माझ्या थीसिसमधल्या क्रूसाबद्दल तीन प्रोफेसरांची तीन मतं आहेत. गेल्या उन्हाळ्यात तो पाहायला इंग्लंडला गेले, तर शेतकरी म्हणाला, गाई त्याला अंग घासतात. रोवणारे विचारायला उरले नाहीत, म्हणून आम्ही भांडतो. तुमचा क्रूस रोवणारं कुणी प्लेनोतच असेल. उपटण्याआधी विचारा. भात आता करपत नाही. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची सुनेत्रा

प्लेनो, ७ एप्रिल १९८६

चि. सुनेत्रास आशीर्वाद.

काल काकू आपणहून गाडीत बसली. मी मागे गाडीच्या ट्रंकमध्ये फावडं टाकलं. वळणावर पोचलो, तर एक अमेरिकन मुलगी गुडघ्यांवर बसून क्रूसाला रंग देत होती. कोण म्हणून विचारलं. ती आणि गिरीश दोन वर्षं बरोबर होते म्हणे. त्या संध्याकाळी तो तिलाच घरी सोडून परत येत होता. आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. काकूने तिला स्पष्ट सांगितलं की आमच्यात क्रूस लावत नाहीत. ती म्हणाली, माहीत आहे, पण तुम्ही अस्थी नाशिकला नेल्या, इथे थडगं नाही, मग मी जायचं कुठे.

वाऱ्याने कलंडणारा रंगाचा डबा काकूने धरला आणि मुलीचं काम होईपर्यंत धरून बसली. फावडं मी बाहेर काढलंच नाही.

क्रूस ठेवायचा की नाही, हे अजून आम्ही बोललेलो नाही. येत्या रविवारी ती जेवायला येणार आहे. तिने आपल्याला काय म्हणून हाक मारायची, असं काकू सकाळपासून मला विचारते आहे.

आठवण ठेवून लिहीत जा.

तुझा काका