बाईसाहेबांची तब्येत

ता. ४ फेब्रुवारी

चि. बबडीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आमच्या मांजराचा, म्हणजे बाईसाहेबांचा, एक केस पाकिटातून गेला तरी जावईबापू दोन दिवस शिंकतात, हे वाचून वाईट वाटलं. बाईसाहेबांचं यावर म्हणणं असं, की खोलीत दहा माणसं असली तरी मांजराला नेमका शिंकणाराच आवडतो. प्रेम करताना समोरच्याची सोय बघत बसलं तर प्रेम व्हायचं कधी? रजिस्टरच्या कडा कापून उरलेल्या पट्टीवर हे लिहून सोबत पाठवते. तुझ्या पट्ट्यांच्या डब्यात टाक.

वाचनालयाने दहा जाड रजिस्टरं बांधणीला पाठवली आहेत. मी निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्यांना शिवण माझ्याच हातची लागते. धाकटा सकाळी बसडेपोत जातो तो संध्याकाळी कोपरापर्यंत ग्रीस माखून येतो. मधला दिवस माझा, खळीच्या भांड्याचा आणि बाईसाहेबांचा. हाक मारली तर त्या येत नाहीत, पण मी घडी घातलेल्या पानांचे फर्मे शिवायला ओळीने मांडले की त्यांना ते आमंत्रण वाटतं.

त्यांची तब्येत मात्र जरा नरम आहे. परवा खिडकीवर उडी मारताना उजवीकडची कड चुकली आणि धपकन खाली आल्या. उठून आधी चारी बाजूंना बघून घेतलं. कुणी पाहिलं नसेल तर मांजर पडलेलंच नसतं. मीही पाहिलं नाही असं दाखवलं.

तुझी माया कधी पातळ न होवो.

तुझी आई


ता. ९ फेब्रुवारी

ती. आईस सा. न. वि. वि.

शिंकणाऱ्याची पट्टी ह्यांना वाचून दाखवली. ते म्हणाले, बाईसाहेबांना कळवा की प्रेम एकतर्फी आहे. आणि म्हणता म्हणता शिंकले.

आमच्या चष्म्याच्या दुकानात सध्या रीघ लागली आहे. रोज चाळीस माणसं माझ्यासमोर बसून शपथेवर सांगतात, की नंबर वाढलेला नाही, हल्ली अक्षरंच बारीक छापतात. तुझ्या पट्ट्यांत एक माझीही भर घाल: मांजराला आरसा दाखवला तर ते मागे जाऊन बघतं, माणूस फक्त केस सारखे करतो.

पडल्यावर इकडेतिकडे बघण्याचं वाचून मला आपलं जुनं घर आठवलं. बाबा तुझ्यावर रुसले की थेट बोलायचे नाहीत. बोक्याला सांगायचे, की तुमच्या मालकिणीला म्हणावं, चहा गार झालाय. मी गणितात नापास झाले तेव्हा मीही सांगितलं होतं, की बोक्याला पस्तीसच्या खाली मार्क पडले. बाबांनी बोक्यालाच पुन्हा परीक्षेला बसायला सांगितलं. किती सोपं होतं सगळं!

बाईसाहेबांना गुरांच्या डॉक्टरकडे ने. वय झालंय त्यांचं. आणि तू स्वतःबद्दल एक अक्षर लिहीत नाहीस, हे बरं नाही.

आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे.

तुझी बबडी


ता. १५ फेब्रुवारी

चि. बबडीस आशीर्वाद.

ओळी खाली उतरल्या आहेत, रागावू नकोस. टेबल हलतं.

बाईसाहेब डॉक्टरकडे जायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, डॉक्टर आधी खिडकी बंद करायला सांगतील, आणि खिडकी काढून घेतली की मांजराची नुसती उशी होते. आपल्याला दुखतंय हे मांजर सांगत नसतं. ते फक्त जास्त नीटनेटकं राहायला लागतं. हे पट्टीवर लिहून सोबत पाठवते. सध्या त्या फार नीटनेटक्या आहेत.

संध्याकाळी दिवा लावला की कपाळाची उजवी बाजू ठणकायला लागते. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, ओल्या काचेतून बघावं तशी, आणि पोटात ढवळतं. झोप झाली की उतरतं, म्हणून त्या लवकर झोपतात. परवा वाटेतलं खळीचं भांडं लवंडलं. धाकटा बाईसाहेबांना ओरडला. त्यांनी ते मुकाट्याने ऐकून घेतलं.

पाच रजिस्टरं झाली, पाच राहिली. धाकट्याला यातलं काही लिहू नकोस. तो उगाच घर डोक्यावर घेईल.

लोभ आहेच, तो राहू दे.

आई


ता. २३ फेब्रुवारी

ताईस सा. न.

आईच्या पत्रात तू लिहिलं होतंस म्हणून अखेर रविवारी मीच मांजराला पिशवीत घालून डॉक्टरकडे नेलं. माझ्या हाताची तिने जी दशा केली आहे ती इंजिनाच्या पंख्यानेसुद्धा कधी केली नव्हती. डॉक्टरांनी डोळे, कान, दात, सगळं तपासलं आणि हसत सुटले. डोळे लख्ख आहेत म्हणाले. भूक लख्ख, फक्त वजन जास्त. अजून पाच वर्षं तुम्हाला ओरबाडेल म्हणाले.

मी आनंदाने घरी येऊन आईला हे सांगितलं, तर तिचा चेहरा पडला. मांजर ठणठणीत आहे म्हणून कुणी रडतं का, सांग. मी विचारलं तर म्हणाली, खळीचा वास डोळ्यात गेला.

एक गंमत सांगायची राहिली. वाचनालयातून सहावं रजिस्टर परत आलं. मधला एक फर्मा उलटा शिवला होता. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच! मी चिडवलं, की आता तुझंही वजन वाढलंय वाटतं.  हल्ली ती संध्याकाळी दिवाच लावू देत नाही, म्हणते डास येतात.

बाकी सगळं ठीक. तू काळजी करू नकोस.

चिडवण्याइतका लोभ असावा.

तुझा धाकटा


ता. २६ फेब्रुवारी, दुपार

चि. धाकट्यास आशीर्वाद.

दुकानातून डेपोत तीनदा फोन केला, कुणी उचलत नाही. हे पत्र पोस्टात टाकत नाही. तीनच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती देते. मिळाल्याबरोबर हातातला पाना खाली ठेव आणि घरी जा.

दुखणं बाईसाहेबांचं नाही, आईचं आहे. दिव्याभोवती कडी दिसतात, कपाळ ठणकतं, ढवळतं, हे तिने मला अकरा दिवसांपूर्वी लिहिलं. मांजराला दिव्याभोवती कडी दिसतात हे कुणाला कसं कळणार? माझ्या समोरच्या खुर्चीत बसून कुणी असं सांगितलं असतं तर मी नंबर काढत बसले नसते, त्याला त्याच पावली डोळ्यांच्या दवाखान्यात धाडलं असतं. आईचं वाचलं, हसले, आणि पट्टी डब्यात टाकली. डब्यातून ती आत्ता काढून बघितली. एका ओळीवर दुसरी ओळ चढली आहे. मला तेव्हा दिसली नाही. रोज चाळीस माणसांना मी विचारते, की आता स्पष्ट दिसतंय का.

असल्या दुखण्यात दिवस मोजायचे नसतात, तास मोजायचे असतात. तीनच्या गाडीत पाय ठेवायला जागा नाही, म्हणून मी उद्या पहिल्या गाडीने निघते, पण माझी वाट बघत थांबू नकोस. ती नाही म्हणेल. भांडू नकोस. सोबतची चिठ्ठी तिच्यासमोर मोठ्याने वाच. थट्टा समजू नकोस, जशी लिहिली आहे तशीच वाच.

ताई

(सोबतची चिठ्ठी)

बाईसाहेबांच्या चारही चरणी साष्टांग नमस्कार.

आपण पडलात ते मी पाहिलं. जरा उशिरा पाहिलं, त्याबद्दल क्षमा असावी. आपली खिडकी कुणी बंद करणार नाही, याची मी हमी देते. मात्र आज डॉक्टरांकडे गेला नाहीत तर ती आपोआप बंद होईल, आणि मग ती आम्हा दोघांनाही उघडता यायची नाही. आपल्या मालकिणीला म्हणावं, बबडी घाबरली आहे. गणिताच्या वेळी घाबरली होती त्याहून जास्त. तेव्हा तिला बोक्याआड लपू दिलंत. आता आपण तिच्या आड लपलात तरी चालेल, पण आजच निघावं.

आपली आज्ञाधारक


ता. २१ मार्च

चि. बबडीस अनेक आशीर्वाद.

ही अक्षरं मोठी आहेत कारण डॉक्टरांनी मोठी लिहायला सांगितलं आहे. टेबल हलत नाही. कधीच हलत नव्हतं.

तू इथे होतीस तेव्हा माझ्या डोळ्यांवर पट्टी होती आणि तुझ्या डोळ्यांना धार, त्यामुळे बोलायचं राहून गेलं. त्या संध्याकाळी धाकटा ग्रीसच्या कपड्यांतच घरात आला. बाईसाहेबांसमोर उभा राहिला आणि तुझी चिठ्ठी वाचायला लागला, शाळेत कविता म्हणायचा तसा, हात मागे बांधून. त्या अंग चाटत होत्या. ‘बबडी घाबरली आहे’ इथे आल्यावर त्याचा आवाज फुटला. मग मी बाईसाहेबांना सांगितलं, की मला जाऊन यायला हवं, आणि चपला शोधल्या. उजवी चप्पल सापडेना. ती समोरच होती.

काल पुन्हा दाखवून आले. उजव्या डोळ्याला आता नुसता कडेचा उजेड कळतो, तेवढाच राहील. डावा वाचला. आणखी दोन दिवस गेले असते तर तोही राहिला नसता, असं डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच धाकट्याला सांगितलं होतं. त्याने ते मला काल सांगितलं. डोळ्यातला दाब वाढला होता म्हणे. जन्मभर पुस्तकांचं दाबयंत्र मी फिरवलं, एकदा दाबाने मला फिरवलं.

मला भीती होती, की तुम्ही सुई काढून घ्याल. म्हणून गप्प बसले. दुसरं काही कारण नव्हतं, मोठं तर मुळीच नव्हतं. धाकटा आता डेपोत जायच्या आधी तीनदा हात धुतो आणि सहा सुयांत दोरा ओवून ठेवतो. दिवसाला सहाच, सातवी मागायची नाही. उलटा शिवलेला फर्मा मी उसवून पुन्हा शिवला. अर्धा दिवस लागला. शिवण सरळ आली आहे, बोटाने तपासली.

बाईसाहेबांनी यावेळी काही सांगितलेलं नाही. त्या खिडकीत बसल्या आहेत, आणि माझ्याकडे त्यांचं लक्ष नाही. सोबतची पट्टी माझी आहे. डब्यात टाकू नकोस, बाहेर ठेव.

जावईबापूंना आशीर्वाद. शिंक आली तर समजावं, इथून आठवण काढली.

तुझी आई

(पट्टी)

मी पडले. तू पाहिलंस. बरं झालं.