नऊ चाळीस ते अकरा दहा

१४ मार्च १९८५, गुरुवार

घड्याळ चोरीला! पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एक ट्रंक कॉल मिनिटभर इकडचा तिकडे होऊ दिला नाही, आणि आज माझंच मनगट रिकामं! घरात परकं माणूस एकच — शिंदीचे फडे विकणारी झाडूवाली. पाणी प्यायला व्हरांड्यात आली होती. जाळीचं दार ओढून बाहेरून कडी लावली. ९.४० (भिंतीवरच्या घड्याळात). सांगितलं, माझं घड्याळ निघेपर्यंत हलायचं नाही.

"मी कायले घेऊ तुमची घडी, बाई? मले टाइम कुठी पाहाता येते?"

वर तोंड आहेच!

११.१० ला सापडलं. तांदळाच्या डब्यात. सकाळी तांदूळ काढताना मीच उतरवून ठेवलं असणार. कडी काढली. चहा दिला. दोन फडे घेतले. माफी मागितली नाही — पण चहा फुलांच्या कपात दिला, तो काय उगाच?

१८ मार्च

शेजारच्या बापूरावांनी पुढची खोली भाड्याने दिली. वकिलाला. वकील बाई आहे! सत्यशीला खोब्रागडे, चंद्रपूरची. लुनावरून येते. केस वाऱ्यावर, काळ्या कोटाची मधली गुंडी गायब. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अ‍ॅगथांनी वर्गाबाहेर उभी केली असती. दारात सकाळी सातपासून बायांची रांग — कुणाला नवऱ्याने टाकलेलं, कुणाला शिपायाने मारलेलं. माझी जास्वंद तुडवतात.

२० मार्च

पेन्शनच्या दाखल्यासाठी तहसिलीत गेले. कोर्ट शेजारीच, म्हणून डोकावले. उगाच.

रांगेतल्याच एका मीराबाईच्या पोटगीचं प्रकरण होतं. नवऱ्याचा वकील म्हणाला, "बाईचा स्वभाव तापट आहे." खोब्रागडेबाई उठली — "विद्वान वकिलांनी स्वभावाचा पंचनामा जोडलेला नाही." सगळे हसले! न्यायाधीशसुद्धा — एरवी नुसते म्हशीसारखे रवंथ करत बसलेले असतात, सुपारीचं. मी टाळी वाजवली. पट्टेवाल्याने बाहेर काढलं. ११.५२.

ती बोलायला उभी राहिली की वाटतं, मी जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, स्वतः कधी बोललेच नाही.

२१ मार्च

तिला पोहे नेऊन दिले. जेवायची शुद्ध नसते. गुंडीही लावून दिली.

२२ मार्च

वकीलबाई आज पहिल्यांदा माझ्या ओट्यावर बसल्या. चेहरा उतरलेला. बुधरी नावाची कोण एक आठ दिवसांपासून चंद्रपूरच्या जेलात आहे. वनरक्षकाची तक्रार — सकाळी दहाला जंगलात सागवान तोडलं, अडवलं तर कुऱ्हाड उगारली. घरी दोन लहान पोरी, आंधळी आई. बुधरी म्हणते, मी त्या दिवशी जंगलात नव्हतेच, इथे मूल गावात एका बाईने मला चोर समजून घरात कोंडलं होतं. घर कुठलं ते मात्र सांगत नाही!

माझं डोकंच फिरलं. "गरीब बाईला कोंडते? कोण ही सटवी? तिलाच आधी आत टाका! खडी फोडायला लावा!"

बापूराव कुंपणावरून, "टेलिफोनबाई, हळू बोला जी, जेलात आयकू जाईन!"

"शोधतेय," वकीलबाई म्हणाल्या.

काय बाई आहे! एका जंगलातल्या बाईसाठी एवढी वणवण.

२३ मार्च

वकीलबाई जेलात जाऊन आल्या. बुधरीने नाव नाहीच सांगितलं. एवढंच म्हणाली — "तिले तरास होईन. म्हातारी हाये. फुलाच्या कपात चाय देल्ली तिनं मले."

फुलांचे कप.

चौदा तारखेचं पान उलटून पाहिलं. बुधरी म्हणजे झाडूवाली. सटवी म्हणजे मी.

२५ मार्च

वकीलबाईंना पुरावा म्हणून द्यायला काल दिवसभर आणि आज सकाळी बसून नव्या वहीत या डायरीची सगळी फेअर कॉपी केली. शाळेपासूनची सवय — कच्चं लिखाण परक्याला दाखवायचं नाही. वेळा त्याच ठेवल्या. फक्त 'कडी लावली'च्या जागी 'सदर स्त्री स्वखुशीने व्हरांड्यात विसावली'. न्यायाधीशांची म्हैस काढली, तिथे 'गंभीर प्रकृतीचे' घातलं. वकीलबाईंच्या केसांचंही वगळलं.

नेऊन दिली. त्यांनी पानावरून बोट फिरवलं. शाई ओलीच, बोट निळं झालं.

"बाई, हा खोटा पुरावा आहे. यानं तुम्ही आत जाल, आणि बुधरी आतच राहील. मूळ वही आणा."

"ती नाही आणता येणार. त्यात म्हैस आहे."

"कोणती म्हैस?"

"न्यायाधीश."

इतक्या हसल्या की चारच दिवसांपूर्वी लावलेली गुंडी पुन्हा तुटली! मग गुंडी उचलून टेबलावर ठेवली. म्हणाल्या, "आणखी एक. साक्ष दिलीत म्हणून कोंडलेलं माफ होत नाही. कोंडायचा हक्क वनरक्षकाला नाही, आणि तुम्हालाही नाही."

पोह्यांची आठवण करून देणार होते. नाही दिली.

२६ मार्च

वही दिली. हे फेअर कॉपीच्या उरलेल्या पानांवर लिहिते आहे.

२९ मार्च, शुक्रवार

जामिनाची सुनावणी. ११.०५ ला पिंजऱ्यात उभी राहिले.

सरकारी वकील म्हणाले, वही मागाहून लिहिली असेल. वकीलबाई म्हणाल्या, "मग पुढची पानंही वाचावीत. मागाहून लिहिणारा माणूस असं लिहील का, ते कोर्टानंच ठरवावं." आणि सरकारी वकिलांनी वाचलं — मोठ्याने! गायब गुंडी. वाऱ्यावरचे केस. 'स्वतः कधी बोललेच नाही' हेसुद्धा. वकीलबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. आणि म्हैसही. न्यायाधीशांचं रवंथ थांबलं. सुपारी गिळली असावी.

"या वेळा अचूक कशा?" त्यांनी विचारलं.

"साहेब, पस्तीस वर्षांत माझ्या वेळेबद्दल एक तक्रार नाही."

"कडी तुम्हीच लावली?"

"मीच लावली. ९.४० ला. काढली ११.१० ला. जंगल इथून बारा कोस. दहा वाजता ही तिथे कुऱ्हाड उगारेल कशी? ही माझ्या कडीत होती!"

११.४० ला बुधरी सुटली. तक्रार संशयास्पद, असं न्यायाधीशांनी लिहून घेतलं. मला म्हणाले, "वही निकालानंतर परत मिळेल. तोवर आम्ही वाचतो."

बाहेर बुधरी समोर आली. तीच म्हणाली — "घडी हाये ना जी हातात?"

मी मनगट पदराखाली घेतलं.

६ एप्रिल

रजिस्टर पोस्टाने नोटीस आली. बुधरीच्या वतीने, अ‍ॅड. सत्यशीला खोब्रागडे यांची — मला! दिनांक १४ मार्च रोजी ९.४० ते ११.१० बेकायदा कोंडून ठेवलं. आठ दिवसांत तिच्या गावी जाऊन चार लोकांदेखत माफी मागावी, अन्यथा कोर्टात खेचू. मजकुरात एक चूक नाही. काय बाई आहे!

उद्या सकाळच्या एसटीने निघते. फुलांचे दोन कप फडक्यात गुंडाळले आहेत. माफी लिहून घेतलेली नाही. उभी राहून बोलणार आहे.