‘घर’ नावाची एकच फाइल

प्रिय ठमे,

तू मजेत असशीलच, म्हणून विचारत नाही. इथे अण्णांची खोली आवरून झाली. तीन चष्मे निघाले, तिन्हींची एकेक काडी मोडलेली. कपाट शेजारणीच्या भावाने नेलं. संगणक मात्र टेबलावर तसाच आहे. त्याच्याबद्दलच लिहायचं आहे, पण जरा दमाने घेते.

अण्णा रोज संध्याकाळी त्या संगणकासमोर बसून तुझ्यासाठी बोलायचे, आवाज भरून तुला पाठवायचे. दार लोटून घ्यायचे. मी पलीकडे त्यांचेच कपडे वाळत घालत असायचे. गोळ्या मी द्यायच्या, नखं मी कापायची, दवाखान्याच्या रांगेत मी ताटकळायचं, आणि मनातलं सांगायला कोण, तर ठमी! तू येणार म्हटलं की स्वारी सकाळपासून दाढी घोटून तयार. माझा नुसता तिळपापड व्हायचा. हसू नकोस. पन्नाशीच्या बाईने धाकट्या बहिणीवर जळावं, याची लाज वाटते. पण जळायचे.

गेल्या आठवड्यात तू म्हणालीस, तुझा फोन हरवल्यापासून त्या एकशे त्रेचाळीस फाइली फक्त इथेच आहेत, तेवढ्या नव्या डिस्कवर हलव. माउसने एकेक ओढत बसू नकोस म्हणून दोन ओळीही लिहून पाठवल्यास, त्या काळ्या खिडकीत टाइप करायच्या. पहिली ओळ डिस्कवर ‘ठमी’ नावाचा फोल्डर तयार करणार, दुसरी एकेक फाइल उचलून त्यात ठेवणार. पहिली मी मुकाट्याने लिहिली. दुसरीत पुन्हा ‘ठमी’ लिहायची वेळ आली आणि माझं डोकं फिरलं. अण्णा काय तुझ्या एकटीचे वडील होते? तुझं नाव काढून मी ‘घर’ लिहिलं आणि बटण दाबलं.

‘घर’ नावाचा फोल्डर तिथे नव्हताच. मला वाटलं, आपोआप होईल. झालं असं की पहिल्या फाइललाच ‘घर’ हे नाव मिळालं. मग दुसरी आली, तेच नाव घेऊन तिच्या जागी बसली आणि पहिली पुसली गेली. अशा एकशे बेचाळीस गेल्या, आणि संगणकावरून तर त्या आधीच उचलल्या गेल्या होत्या. दुरुस्तीवाल्याने दोन दिवस संगणक आणि डिस्क ठेवून घेतली, मग म्हणाला, यातलं काही परत येणार नाही. तुझ्या नावाचा फोल्डर रिकामा पडला आहे. काल फोनवर मी ‘झालं काम’ म्हणाले, ते खोटं होतं.

शेवटची तेवढी राहिली. ती ऐकली. अण्णा अगदी हळू बोलतायत, कारण ताई पलीकडे आहे, तिला ऐकू जाईल. ‘तिने आज माझ्यापायी स्वतःचं डोळे तपासणं पुन्हा पुढे ढकललं,’ म्हणतात. ‘तिच्यासमोर हे बोलायला गेलं की गोळ्यांचंच काहीतरी विचारून बसतो,’ म्हणतात. आणि शेवटी हसून, ‘ठमे, कंटाळत असशील तू, रोज आपलं ताईचंच ऐकून.’

रोज म्हणाले ते. मी ती फाइल आतापर्यंत अकरा वेळा ऐकली, दर वेळी रोजच म्हणतात. तुझ्या म्हणून ज्या पुसल्या, त्या माझ्या होत्या. मला माफ करायचं की नाही ते तू सावकाश ठरव, पण त्याआधी कागद घे आणि आठवेल तेवढं लिहून पाठव, अर्धंमुर्धं असलं तरी चालेल. तू ते सगळं ऐकलं आहेस, एकशे त्रेचाळीस संध्याकाळी. मला अजूनही तुझा हेवाच वाटतो.

तुझीच, तुझ्यावर जळणारी,
ताई