पालथा कागद

सर, तुम्ही असतात तर फोन करून भांडले असते. आता कागदावरच भांडते.

आठवतं ना, कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी मलेरियाची पहिली स्लाइड लावतेय. पेशंटचा कागद वाचायला मान वळवते, तर तुम्ही तो पालथा घालता. "आधी स्लाइड, मग कागद. माहिती वाचली की डोळा नसलेलं पण दाखवतो, बाई." सगळ्यांसमोर बोललात, मी कानकोंडी झाले. पण ते अंगवळणी पडलं. वीस वर्षं मी कागद पालथा ठेवूनच स्लाइड पाहते, आणि त्याचा मला तोराही आहे.

गेल्या आठवड्यात निफाडचा एक माणूस तापाने फणफणत आला. स्लाइड सरकवत सूक्ष्मदर्शकाखाली दोनशे फील्ड पाहिली, काही नाही. रक्ताच्या थेंबावर झटपट होणारी कार्ड टेस्टही निगेटिव्ह. 'मलेरिया नाही' अशा रिपोर्टवर मी सही केली. चौथ्या दिवशी त्याची बायको काउंटरवर उभी. "म्याडम, ताप हटंना. मलेरिया नाय म्हन्ता, मंग हाय काय? टांझानियाहून आल्यापासून धड जेवलं नाय मानूस." तिथे तो द्राक्षबागेची छाटणी शिकवायला गेला होता. डॉक्टरांनी कागदावर तसं स्पष्ट लिहिलं होतं. मी सही करताना तो फक्त नंबर बघायला उलटला होता.

लगेच त्याच रक्ताची पीसीआर केली. ती जंतूचा डीएनए शोधते, अगदी थोडा असला तरी. ओव्हेल निघाला, मलेरियाचा आफ्रिकेतला प्रकार, जो कार्डाला बरेचदा सापडत नाही. औषध सुरू झालं, माणूस सावरला. त्याचे चार दिवस मात्र माझ्यामुळे तापात गेले. मग मी जुनी स्लाइड परत लावली, तर कडेला एक जंतू दिसला. तो खरंच होता, की मशीनने सांगितलं म्हणून मला दिसला? तुम्ही म्हणायचात तसंच झालं का? मग चूक तुमच्या नियमाची, की त्यातलं 'मग कागद' मी कधीच सोडून दिलं त्याची? मला कळत नाही, सर. सकाळी तुमचा राग येतो, दुपारी स्वतःचा.

काल नव्या दोघी टेक्निशियनना सांगितलं, पेशंट कुठून आलाय ते आधी वाचायचं, मगच स्लाइड लावायची. एकीने विचारलं, "मॅडम, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

मी तुमचं नाव सांगितलं.